स्टॉल

अंबडच्या शेडमध्ये रूबेन शिरसाठ
कन्व्हर्टर मांडीवर घेऊन बसतो,
नारळ निवडावा तसा कानाशी हलवून बघतो.
"चार हजारचा पाहिजे? कोणी सांगितलं?"
पाथर्डी फाट्यावरच्या पोरांनी.
तो हसत नाही.
काँटेसाचं वजन विचारतो, मागच्या टायरची रुंदी.
"आता ब्रेक दाब. आणि दे पूर्ण रेस."

गाडी जागच्या जागी थरथरते.
काटा अठ्ठावीसशेला जाऊन अडतो.
तेल तापल्याचा वास.

"आकडा ह्या डब्याचा नसतो, पोरी,
समोर जसं इंजिन, तसा तो धरतो.
तुझं बत्तीसशेला तोंड उघडतं.
त्याआधी सुटलीस, तर गाडी जांभई देईल.
फार ताणलंस,
तर टायर नुसतं डांबर पुसतील
आणि उरलेला जोर तेलातच विरेल."

रविवारी सिन्नरच्या माळावर चारशे मीटर,
तेरा सेकंद, जमलं तर.
पण आम्ही दुपारभर बोलतोय ते
त्याच्या आधीच्या क्षणाबद्दल:
दोन्ही पाय दाबलेले,
हिरवा दिवा अजून लागायचाय.

शटरवर खडूने तो लिहितो ३२००.
बघत राहतो.
अंगठ्याने दोन पुसून एक करतो.
"ऊन असणार," म्हणतो.