मेवु

गवत कधी कोण पेरतं काय?
निंगव्वा बांधावरनं हसली.
कन्नडात हसली, मला मराठीत कळलं.
तिचं खरंच होतं.
तीस वर्षं आम्ही दोघी खुरप्यानं
ज्याला मुळासकट काढत आलो
त्याचंच बी ओच्यात घेऊन मी उभी,
अंजनचं बी, हलकं, केसाळ,
फुंकर बसली तर तेलसंगच्या रानात जाऊन पडेल.
म्हणून ओलसर मातीत कालवून फोकलं,
वरनं काटेरी फांदी ओढली. बस्स.
खोल गाडलं तर ते वर येत नाही.

स्टायलोची तऱ्हा वेगळी.
त्या बीला चटका लागतो.
चहाच्या पातेल्यात पाणी तापवून
उकळीच्या आत उतरवलं,
चार मिनिटं बी बुडवलं, गाळलं, वाळवलं.
चटक्याशिवाय कवच सुटत नाही
हे शिबिरात सांगितलं,
पण मला ते सासरीच कळलं होतं.

पहिल्या वर्षी माळ माळच.
धाकटे दीर रोज कालव्याचं पाणी आणायचे,
बोलण्यात.
ऊस लाव वहिनी, म्हणायचे.
मी दोन ओळींच्या मध्ये वाकून बघायची:
गवताची काडी, तिच्याशेजारी तीन पानांचं रोप,
एक जमिनीतलं खाणारं,
एक जमिनीला काहीतरी देणारं.
घरात असं असतं तर.

दुसऱ्या वर्षी तीन कापण्या.
फुलोरा दिसला की विळा,
बुडखा वीतभर राखायचा,
लोभानं खाली गेलात की पुढची कापणी गेली.

माघात जतकडचा सिदगोंडा टेंपो घेऊन आला.
तो महाराष्ट्रातला, बोलतो कन्नड.
मी कर्नाटकातली, माझं हे असं.
मेवु ऐतेन? म्हणाला.
मी म्हटलं, मेवा दिवाळीला, आता कुठला?
त्यानं गंजीकडं बोट केलं,
मग आम्ही दोघंही बराच वेळ हसलो,
आणि श्रावणात दहाला न जाणारी पेंढी
पंचवीसला गेली.

रात्री वही काढली.
बियाणं अठराशे. तार तेवीसशे.
मजुरी: शून्य, कारण माझीच.
मग शून्य खोडलं,
दिवसाला तीनशे धरले,
एकेक दिवस आठवून.
दिव्याखाली बेरीज दोनदा चुकली.
तरी नऊ हजार चारशे उरले,
राजमती मगदूमच्या नावावर,
माझ्याच अक्षरात.

निंगव्वानं परवा मूठभर बी मागितलं.
हसली नाही. पातेल्याचं मी सांगितलं,
तिनं वेळ विचारली, मी चार बोटं दाखवली.

एक सवय मात्र जात नाही.
माळातनं चालताना हात आपोआप खाली जातो,
बोटं बुडख्याला धरतात,
उपटायला,
आणि तिथंच थांबतात.