हात वर

मुलाची उंची मोजायचो आम्ही
स्वयंपाकघराच्या चौकटीवर.
पेन्सिलीच्या रेघा, शेजारी तारखा,
एका रेघेपाशी त्याच्याच अक्षरात : बूट घालून.
रास्मुस आता टार्टूला असतो. घरी आला की वाकून आत येतो.
अकरा वर्षं चौकटीवर कुणी काही लिहिलं नव्हतं.

आता मी लिहिते.
सकाळी उजव्या हाताची बोटं लाकडावर टेकवायची
आणि चालवायची वर, कोळ्यासारखी,
काखेतली दोरी ताणून बस म्हणते तिथवर.
तिथे रेघ.
पहिल्या दिवशी तो पाच वर्षांचा होता.
गुरुवारी त्याचे दुधाचे दात पडले.

युल्ले व्यायाम शिकवते. म्हणते, हात वर, अजून वर.
हेन्नोने हात वर केले होते
घराबाबत, मेंढ्यांबाबत, माझ्याबाबत,
तेव्हा मी त्याला काय काय म्हटलं होतं!
आता तेच शिकते आहे,
दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा.

मंगळवारी नळी काढली.
नऊ दिवस ती बाटली गळ्यात होती, कापडी पिशवीत,
आधी रानफळांच्या सरबतासारखी गडद, मग फिकट.
रोज मोजून लिहायचे : ऐंशी, साठ, पंचेचाळीस.
लोकरीचा हिशेब असतो त्याच वहीत.
एकदा सवयीने खाली बेरीजही केली.

शनिवारी लेइदाच्या सौनात बायका जमतात.
मला सहा आठवडे मनाई.
तरी गेले. बाहेरच्या खोलीत बसले, कोट घालून,
सगळ्यांचे टॉवेल मांडीवर घेऊन.
फळ्यांपलीकडे बर्चच्या डहाळ्यांचे फटके, खिदळणं,
तापल्या दगडांवर पाणी पडलं की तो लांब सुस्कारा.
मग दार उघडलं. एकेक बाहेर आली,
लालबुंद, वाफाळती, उघडी,
आणि मला पाहून
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी हातांनी छाती झाकली.
भुकेल्यासमोर ताट झाकावं तशी.

लेइदाने नाही झाकली. सत्त्याऐंशीची ती,
दोन्ही पोटापर्यंत ओघळलेले.
समोर बसली, मान पुसली, म्हणाली, "दाखव."
मी बटणं काढली.
तिने चष्मा मागितला. चष्म्यावर वाफ. पुसला. पुन्हा वाफ.
शेवटी बोटानेच वाचत गेली
ती आडवी ओळ, काखेपासून मधल्या हाडापर्यंत.
मुहूवरच्या निम्म्या लग्नांचे घागरे शिवलेलं बोट.
"शिवण सरळ आहे," म्हणाली,
"टोकाला जरा चुण्या पडल्यात. नवशिका असेल."
कोणीतरी फिसकन हसलं.
मग सगळ्यांचेच हात खाली आले.

पत्र टेबलावर आहे, मिठाच्या बरणीखाली.
अकरा गाठी काढल्या, त्यातल्या दोनांत सापडलं.
सोळा खेपा टॅलिनच्या. पहाटेची बोट, पुढे बस.
त्यानंतर किरण. त्यासाठी म्हणे तीन ठिपके गोंदतात,
खोडरबरने न जाणारे.
मारिका म्हणाली, एप्रिलमध्ये मेंढ्या कातरू
तेव्हा तुलाही रांगेत उभी करू.
तिच्यासमोर मी हसले नाही.
रात्री अंथरुणात हसले, टाके धरून,
आणि मग किती वेळ ते हसणं नव्हतं.

रास्मुस फोनवर विचारतो, कुठवर आलीस?
नऊ वर्षं, दोन महिने, मी सांगते.
"त्या उन्हाळ्यात मला पोहता यायला लागलं," तो म्हणतो,
आणि गप्प होतो. मीही.
बाहेर सामुद्रधुनी अजून गोठलेली.
बोट बर्फ फोडत जाते, मागे वाट मिटते,
संध्याकाळी परतताना पुन्हा फोडते.
सोमवारची तिकिटं काढली आहेत.
वरच्या डब्यातली साखर अजून
शेजारणीकडून काढून घ्यावी लागते.