चारावर तीन

सिंधरोटच्या अलीकडे, महीच्या कोतरांत
आम्ही उतरतो छातीइतक्या खड्ड्यात :
मी, मोघीबेन, आणि शिडीची एकेक पायरी
पायाने चाचपत खानविलकर सर.

रंगांचं पुस्तक त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत.
पानोपानी टिकल्या, टिकलीखाली भोक,
भोकामागे धरायचं मातीचं ढेकूळ
आणि विचारायचं, यातली तू कोण?
आधी घराणं सांगायचं, मग उजेड, मग भडकपणा.
दहा वायआर, तीनावर दोन.
असं लिहिलं की पादऱ्याची माती
पत्राने कळते, कुठेही, कुणालाही.

नियम मला पाठ आहेत.
ऊन खांद्यामागून हवं. गॉगल नको.
चारनंतर तर नकोच, कलत्या उन्हात
अलकापुरीतला सिमेंटचा ढीगसुद्धा तांबूस दिसतो.
ढेकूळ मोडावं, ताज्या तुटीवर पाणी शिंपडावं,
चकाकी ओसरेपर्यंत थांबावं.
आणि चिखलाचं बोट टिकलीला लावायचं नाही.
(सातव्या पानावरची एक सरांनीच
शहाऐंशी साली अंगठ्याने मळवली.
अजून ती दाखवून नव्यांना दटावतात.
बाकीची पानं पाहा, म्हणतात, कशी कोरी ठेवलीत.)

मोघीबेनला पुस्तक लागत नाही.
वरचा थर गोराडू, त्याखालचा 'चहा सांडलेला',
तळाला पांढऱ्या खड्यांचा, तो
'सुनेनं पहिल्यांदा मळलेला'.
फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
मी समासात लिहून ठेवते, पेन्सिलीने.

दिवाळीनंतर सरांच्या उजव्या डोळ्यातला
मोतीबिंदू काढला. डाव्याची तारीख होळीनंतरची.
मधल्या दिवसांत ते कशाकडेही
एकेक डोळा मिटून बघतात :
बशी, रेल्वेचं वेळापत्रक, बायकोची मोतिया साडी,
जी मोतिया नव्हतीच, पांढरी होती म्हणे, पहिल्यापासून.

आज त्यांनी दुसऱ्या थरातलं ढेकूळ घेतलं,
डाव्याने पाहिलं. "तीनावर चार."
मी लिहिलं.
उजव्याने पाहिलं. "पाचावर दोन."
माझं पेन थांबलं.
पुन्हा डावा. पुन्हा उजवा.
एकाच तळहातावर दोन तालुके.

"एकतीस वर्षं," सर म्हणाले,
आणि खड्ड्याच्या भिंतीला टेकले.
मला दिसलं ते काय मोजताहेत :
करजण, सावली, डभोई,
निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या छतापर्यंत,
आणि मोतीबिंदू तर
तारीख सांगून येत नाही.

मग मी पिशवीतून पुस्तक काढलं.
ढेकूळ भोकामागे धरलं, पान त्यांच्यापुढे.
"डाव्याने बघा."
बराच वेळ. "चारावर तीन."
"उजव्याने."
"...चारावर तीन."

अर्थातच. डोळ्यावर जी साय होती
ती मातीवरही होती आणि टिकलीवरही,
दोघी सारख्याच पिवळ्या, म्हणून जोडी जुळत होती.
मळक्या काचेतूनही ती जुळते.
पुस्तक त्यासाठीच तर केलंय, सर,
मी म्हणाले, जरा जास्तच आनंदाने.
वह्यांना काही झालेलं नाही.

ते हसले नाहीत.
पुस्तक हातात घेऊन
पान उलटलं, आणखी एक उलटलं.
करकरीत. कडेला धूळ नाही,
शिंपडलेल्या पाण्याचा एक वाळका थेंब नाही.
सातव्या पानावर तेवढा अंगठा.

"शितोळे," ते म्हणाले, "तू येऊन किती झाली?"
"सहा वर्षं, सर."
"मी हे शेवटचं कधी उघडलं, आठवतं?"

वर रस्त्यावरून वासदकडे ट्रक गेला,
भिंतीतून थोडी माती गळली.
मोघीबेनने पुढचं ढेकूळ मोडलं,
त्यावर पाणी शिंपडलं,
आणि आम्ही तिघंही
चकाकी ओसरायची वाट बघत राहिलो.