काचेच्या पट्ट्या

सड्याच्या वरच्या अंगाला भेग सुरू होते
आणि जाणू गावसाच्या गोठ्यामागे
करवंदीत शिरून दिसेनाशी होते.
एकशे बारा पावलं. माझी, पायात चप्पल असताना.

तिच्यावर मी अकरा काचा डकवल्यात,
आडव्या, सिमेंटच्या दोन-दोन गोळ्यांवर.
साहेब म्हणाला होता, रवळोजी, लोखंड वाकतं,
लाकूड फुगतं, काच खोटं बोलत नाही.
काचा खानापुरातल्या, अत्तार फ्रेमवाल्याकडच्या,
मेलेल्यांचे फोटो मढवून उरलेले तुकडे.
पैसे घेतले नाहीत त्याने.

महिन्याचे सहाशे. वही सरकारी, रकाने कानडीत,
तिथे भेगेला बिरुकु म्हणतात.
मी मराठीत आकडे घालतो,
बेळगावात कुणीतरी ते वाचतं
किंवा वाचत नाही.
आमची आये तिला तोंड म्हणते.
"तोंड मिटलंय न्हवं आज?"
चुलीपुढून, मान न वळवता.

वर जांभा, शिळ्या भाकरीसारखा, भोकाभोकांचा.
त्याखाली शेडी, पांढरी-गुलाबी,
ओली झाली की साबण.
पाणी आत उतरतं, शेडीत बिळं करत जातं
माणूस रांगेल एवढी,
आणि मग एखाद्या वर्षी
बसल्या जागी डोंगर मांडी बदलतो.
हे साहेबाने चिखलात काठीने काढून दाखवलं
आणि पायाने पुसलं.

मागच्या आषाढात झरा थांबला.
पाऊस कोसळत होता आणि झरा थांबला.
दुपारी परत आला, चहाच्या रंगाचा.
दिवसाउजेडी खेकडे वाट ओलांडत होते,
पाय टाकायला जागा शोधत मी वर गेलो.
सातवी काच मोडली होती.
आठवी.
नववी.
आवाज झाला असणार, टिचकीएवढा.
मी तिथे नव्हतो.

फोन लागेना. घसरत खाली आलो,
"डोंगर हलुलाय!" म्हणून दारं बडवली.
बावीस घरं, कणकुंबीच्या शाळेत तीन रात्री,
फळ्याखाली चुली, बाकांवर आजारी माणसं.
दावी कापून गुरं मोकळी सोडली.

आणि काही झालं नाही.
चौथ्या दिवशी ऊन पडलं.
एक फणस कलला,
गोठ्याची मागची भिंत पोट काढून उभी राहिली.
जाणूची गाभण म्हैस तेवढी ओढ्यात घसरून मेली,
मी सोडायला लावली म्हणून.
तो अजून माझ्याशी बोलत नाही.
पोरं मला काचवाला म्हणतात.

भेग चार बोटं होती, सात झाली.
तसं लिहिलं.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो कोरा ठेवला.

आज नव्या काचा घेऊन आलोय.
अत्तार म्हणाला, एवढ्या लागतात कुठं तुला?
म्हटलं, एक मोठा फोटो आहे.

सिमेंट धरायला दोन तास.
तोवर कातळावर बसतो.
गोव्याकडून ढग चढून येतात,
काचांवर वाफ धरते, मी बाहीने पुसतो.
खाली जाणू गोठ्याची भिंत बांधतोय,
त्याच जागी,
जांभ्याचे चिरे लावून,
याच डोंगरातून काढलेले.