काही नाही

कुताईसीत मी भूगोल शिकवते.
माझा खरा नकाशा फळ्यावर नसतो:
पांढऱ्या पुलापाशी बेकरी, कडी तुटकी.
बसस्थानक, तीस तेत्री, कागद आपला आपण न्यायचा.
चर्चमागचं रविवारी बंद.

डॉक्टर ग्वेलेसियानी नळीतून आत जाऊन आले.
'काही नाही,' म्हणाले,
बाळ झाल्याची बातमी द्यावी तशा आवाजात.
सगळं गुलाबी, सगळं स्वच्छ.
मग पहाटे तीनला
ओल्या फडक्यासारखं पिळतं ते कोण?

झुझुना, माझी सासू, म्हणते,
पोटात काही ठेवू नकोस, बोलून टाक.
आई, ठरतच नाही काही.

परवा पुतणीचं लग्न. चीजची पोळी, अक्रोडातली वांगी,
प्याल्यामागून प्याला, गेलेल्यांसाठी, येणाऱ्यांसाठी.
मी एक वांगं ताटाच्या या काठावरून त्या काठावर नेलं,
दोन तास.
'बारीक झालीस, छान दिसतेस,' जाऊ म्हणाली.

शेवटच्या बाकावरचा त्सोत्ने
दर तासाला बोट वर करतो.
बाकीचे शिक्षक वैतागतात.
मी वहीतून मान न काढता म्हणते, जा.
याहून जास्त आम्ही कधी बोललो नाही.

आज चाचणीच्या पेपरात
'काकेशसमधल्या खिंडी सांगा' या प्रश्नाला
खिंड एकच, तीही चुकीची.
खाली पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात:
बाई, बाजारात अवतो न्हावी आहे.
विचारलं तर जाऊ देतो.
कडी चांगली आहे.

मी अर्धा गुण दिला.
खोडला. एक केला.