एक तास

डॉक्टर म्हणाले, रोज एक तास चाला.
नागपुरात मी बागेला फेऱ्या मारतो,
लाल फरशीवरून, रंगवलेल्या बाणाच्या दिशेनं.
गावी आलो की देवाजी कुळसंगे घेऊन निघतो.
त्याची कोतवाली सुटून नऊ वर्षं झाली,
काठी सुटली नाही.

हापशीपासून सुरुवात. शाळेच्या मागून गोठाण,
जिथं आता गाईंपेक्षा ट्रॉल्या जास्त उभ्या असतात.
मोडक्या कडुनिंबापाशी उजवीकडे वळलं
की पांदण लागते.

माघातली सकाळ. धुऱ्यावरचं गवत ओलं,
बोरीखाली कुणीतरी खाऊन थुंकलेल्या आठोळ्या.
पऱ्हाटीवर फरदड लोंबतेय,
तिमांड्यांची सून एकटीच वेचतेय,
कमरेच्या ओट्यात मोबाईल गातोय.
"किती दिवस हाय?" तिनं मान न वळवता विचारलं.
"परवा जातो."
"लवकर जाता," म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे वळली.

नाल्यात घोट्याएवढं पाणी, काठानं बेशरम फुललेली.
एक टिटवी डोक्यावरून ओरडत सोबत आली,
तिची हद्द संपली तशी गप्प झाली.
लांब कुठल्याशा वावरात झटका मशीन
टिक, टिक, टिक.
रात्र सरली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

देवाजी चालताना बोलत नाही. बोलायचं असलं की थांबतो.
थांबला. काठीनं हवेत आडवी रेघ ओढली.
"तेहतीस फुटी पांदन होती भाऊ हे.
दोन बंड्या आमनेसामने आल्या
तरी चाकाले चाक लागे नाही.
नकाशात अजून हाय, तुटक तुटक.
कोनाच्याच बापाची नाही ही."

मी पावलं मोजली. अकरा भरायला हवी होती.
चार भरली.
डावीकडे तिमांड्यांचा हरभरा.
उजवीकडे कोणाचं, हे त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही. विहिरीवरचा तो आंबा
मी न ओळखावा इतका काही मोठा झालेला नव्हता.

आमच्याकडे तास म्हणजे नांगराची रेघ.
घड्याळातला तास नंतर आला, शाळेच्या घंटेबरोबर.
बाबा नांगरायचे तेव्हा मी धुऱ्यावर बसून
पाढे म्हणायचो, मागे बगळे चालायचे.
शेवटच्या वळणावर ते बैलांना जरा बाहेरून घ्यायचे,
दर साली एकच तास.
मला वाटायचं, बैल दमलेत, लवकर वळत नाहीत.

पुढं वाट अडलेली.
बटईदारानं डुकरांसाठी कुंपण केलंय,
बांबूच्या खुंट्या आणि जुनी लुगडी.
त्यांना माणसाचा वास येतो म्हणतात.
तिसरं मोरपंखी होतं,
ताईच्या साखरपुड्यात आईनं एकदाच नेसलेलं.
तीन पावसाळ्यांनी काठ पांढरा पडलाय.
मी वास घेऊन पाहिला नाही,
देवाजी सोबत होता.

त्यानं काठीचं टोक लुगड्याखाली घातलं,
दारावरचा पडदा उचलावा तसं उचललं,
"या," म्हणाला. फक्त एवढंच.
कोतवाल होता तेव्हा साहेब लोकांसाठी
फाटक धरायचा, तसाच अंग चोरून.
मी वाकलो. ओला काठ मानेला लागला.

परत येताना कालव्याच्या बाजूनं आलो,
ती सरकारी वाट आहे, रुंद, तिथं काही बोलावं लागत नाही.
हापशीवर देवाजीनं पाय धुतले,
माझ्या घड्याळाकडे पाहून म्हणाला,
"झाला का तुमचा तास?"

रात्री पँटीतली कुसळं काढत बसलो. 
एक निघालं की दुसरं टोचतं.
बटईदाराला फोन करून सांगायचं आहे,
यंदा पांदणीकडचा एक तास सोडून पेर.
एकच. पुढच्या साली अजून एक.
नंबर आहे माझ्याकडे.
अजून लावलेला नाही.