दशांश चिन्ह

म्हापशाहून तीनच्या बसने आलो.
पिशवीत सोळा वह्या, छत्री,
ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स.
आल्तिनोचा चढ चढताना सवयीने वर पाहिलं:
पिंजलेले ढग, फार उंच, वायव्येकडून.
थांबून लिहून घेतलं.

फाटकावरच्याने विचारलं, काम काय?
बघायचंय.
काय?
वादळ कुठून बघतात ते.

लोलयेकर बाई चष्मा कपाळावर चढवून आल्या,
माझ्या धाकटीच्या वयाच्या.
आधी दाखवली अंगणातली पांढरी पेटी, चार पायांवर,
सगळीकडून झडपा. आत दोन थर्मामीटर:
एक कोरडा, एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला, तापाच्या मुलासारखा.
दार उत्तरेला उघडतं, म्हणाल्या,
उन्हाला आत डोकावता येऊ नये.

साडेचारला आग्नेलने फुगा आणला,
वासरू आणावं तसा, मानेला धरून.
सोडला.
मी मान दुखेपर्यंत पाहत राहिलो.
आग्नेल केव्हाच आत गेला होता चहाला.
तो रोज दोन सोडतो.

मग ती खोली. एसी, आणि पडद्यांवर
अरबी समुद्र, त्यावर मासळीचा एकही वास नाही.
बाईंनी एक जुनं वादळ पुन्हा चालवून दाखवलं:
ठिपका, ठिपका, ठिपका,
पुढे सुपासारखी पसरत गेलेली फिकट जागा.
त्या सुपात रत्नागिरी होती, ओमान होतं, आमचं म्हापसाही.
'कुठे जाईल हे आम्ही सांगत नाही.
कुठे कुठे जाऊ शकेल, ते सांगतो.
लोकांना पहिलंच वाक्य ऐकू येतं.'

तेव्हा मी वह्या काढल्या.
घड्याळं दुरुस्त करतो, म्हटलं,
आणि गच्चीवर पाऊस मोजतो. सव्वीस वर्षं.
त्यांनी बोटं ओढणीला पुसली, मगच पान उलटलं.
उलटत उलटत त्या रात्रीपाशी थांबल्या.
'दोनशे बारा पूर्णांक चार?'
कपाटातून त्यांचं रजिस्टर आलं. तीच तारीख.
पावसाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
'आमचं नरसाळंच उडालं होतं हो.
तुमचा आकडा मिळाला तर...'
त्या पेन शोधू लागल्या.

मला वाटलं, गप्प बसावं.
कोण येणार होतं विचारायला?

त्या रात्री मी जिन्याखाली होतो,
बायकोचा हात धरून, खरं तर तिने माझा.
वर पत्रा सुटून आपटत होता,
शेजारी रुझारकडे सगळे मोठ्याने प्रार्थना म्हणत होते,
माझं पर्जन्यमापक सकाळी त्याच्याच फणसाखाली सापडलं,
तोंड जमिनीकडे, आत दोन मुंग्या.
आकडा मी दुपारी बनवला.
पूर्णांक चार एवढ्यासाठी की खरा वाटावा.
सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. पेनाला टोपण लावलं,
रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
'ही रेघ वेर्णेकरांची. रात्रभर एकटे होते इथे.
सकाळी वरून फोन: अंदाजे काहीतरी भरा.
त्यांनी ही मारली.'
रेघ पट्टीने मारलेली होती.
शेजारी सही, लाल शाईत, पूर्ण नावाची.
'रेघ म्हणजे पाऊस नव्हता, असं नाही.
रेघ म्हणजे आम्ही पाहिला नाही.'

परतीची बस मांडवीच्या पुलावर चढली
तेव्हा वही मांडीवर घेतली,
दोनशे बारा पूर्णांक चार खोडलं,
वर रेघ मारली.
जोडावर धक्का बसला, वाकडी आली.
तशीच ठेवली. शेजारी सही.

मग आजच्या पानावर आलो.
वेळ पावणेसहा. ढग खाली उतरलेले, नैर्ऋत्येकडून.
वाटेत कधी वळले, माहीत नाही; मी आत होतो.
मधल्या रकान्यात
रेघ.